पोकळ टिंबं

माझ्याकडे कागद घेऊन येणारी माणसं खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच विचारतात, "मॅडम, ह्ये बाईचं अक्षर हाय का गड्याचं?" सही खरी की खोटी, मृत्युपत्रात एखादं पान मागाहून घुसडलंय का, तारीख खोडून बदललीय का, हे मला सांगता येतं. त्यासाठीच कोर्टाच्या मागच्या गल्लीत मी ही एका खिडकीची खोली घेतली आहे. पण लोकांना त्यात गोडी नसते. त्यांना बाई की गडी तेवढं हवं असतं, कारण त्यांच्या मनात आरोपी आधीच ठरलेला असतो.

खरं उत्तर असं की हे खात्रीनं सांगता येत नाही. अंदाज बांधता येतो, पण अंदाज काय, कोपऱ्यावरचा पानवालाही बांधतो. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले ते म्हातारे गृहस्थ ठासून सांगायचे की बायकांचं अक्षर गोल असतं आणि पुरुषांचं टोकदार, बायका पेन हलकं टेकवतात आणि पुरुष दाबतात. एवढं बोलून त्यांची नजर माझ्या वहीकडे जायची आणि ते विषय बदलायचे. माझं अक्षर बाभळीच्या फांदीसारखं आहे. एकदा साक्षीच्या वेळी समोरच्या वकिलानं माझी हस्तलिखित टिपणं हातात धरून मला विचारलं होतं, "हे तुमच्या मिस्टरांनी लिहून दिलंय का?" अख्खं कोर्ट हसलं. मला मिस्टर नाहीत. मीही हसले आणि त्या वकिलाला आजतागायत माफ केलेलं नाही.

दुसरीकडे निदान मजकुरावरून तरी बाई की बुवा ते कळतं म्हणतात. आमच्या कोल्हापुरात तीही सोय नाही, कारण इथल्या बायका "मी गेलतो, मी जेवलो" म्हणतात आणि लिहितातही तसंच. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही हे मला कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तरीही मी एकदा ते दिलं.

शिरोलीच्या पलीकडच्या एका गावातून बापलेक आले होते. बाप साठीचा, खांद्यावर टॉवेल, आवाज असा की बाहेरचे टायपिस्ट मान वर करून बघायला लागले. मुलगा पस्तिशीचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला. बाप बोलत होता आणि मुलगा पंख्याकडे बघत होता. घरात धाकटी मुलगी लग्नाची. स्थळ ठरलं, सुपारी फुटली, साखरपुड्याचा हॉल धरला आणि नवऱ्या मुलाच्या घरी पोस्टानं निनावी पत्र गेलं. पत्र चार ओळींचं होतं. मुलीला फिट येते, हे लोक लपवून देत आहेत, शाळेत असताना ती घरच्या शेतात पडली होती, विचारा. खाली सही, तुमचा हितचिंतक. लग्न मोडलं.

"पोरगी लाख हाय," बाप म्हणाला. "सहावीत एकदा शेतात उन्हानं चक्कर आलती, तेवढंच. पर ती गोष्ट घराबाहीर कुनाला म्हाईत न्हाय. म्हंजे लिवनारं घरातलंच. म्हातारीला सही येत न्हाय, मला वाचाय येत न्हाय. ऱ्हायलं कोन? ह्यो पोरगा आनी सून. ह्यो तर सख्खा भाऊ, ह्यो कशाला लिवंल? तुमी फकस्त बाईचं हाय एवढं सांगा."

माझ्याकडे एक रीत आहे. येणाऱ्यानं माझा छापील अर्ज स्वतःच्या हातानं भरायचा. नाव, गाव, फोन नंबर, कागद कसला आणि काय विचारायचंय, हे सगळं. मागाहून कोणी "आम्ही असं विचारलंच नव्हतं" म्हणू नये म्हणून ही तजवीज. मुलगा म्हणाला, "मोबाईलवर टाईप करून पाठवलं तर चालंल न्हवं?" मी म्हटलं, चालणार नाही. त्यानं पेन घेतलं आणि फार वेळ लावून अर्ज भरला. कपाळावर घाम आला होता. पेनाची सवय गेलेली माणसं मी रोज बघते, त्यातलाच एक समजून मी अर्ज न वाचता फाईलच्या तळाशी सरकवला.

मग पत्र भिंगाखाली घेतलं. गोल, टपोरं, ओळीत बसलेलं अक्षर. प्रत्येक अनुस्वार म्हणजे टिंब नव्हे, तर बारीकसं पोकळ वर्तुळ, नाकातल्या खड्यासारखं ठेवलेलं. मी बापाला माझं नेहमीचं उत्तर दिलं की बाई की पुरुष हे अक्षरावरून ठामपणे सांगता येत नाही, सुनेच्या अक्षराचे नमुने आणा, मग ताडून बघू.

बाप उठला. मुलाला म्हणाला, "चल. बाईमानूस हाय ती, तिला काय कळतंय. सांगलीला एक गडी हाय म्हनं, त्यो बघताक्षनी सांगतोय."

आता लिहितानाही मला त्या वाक्याचा राग येतो. त्या वकिलाचं हसणं, म्हाताऱ्या गुरूंचं विषय बदलणं, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी म्हटलं, "बसा. बाईचं अक्षर आहे. वय तिशीच्या आसपास." वय कोणी विचारलंही नव्हतं. तो माझा वरचा आहेर.

बाप बसला. मुलानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बघा आबा," तो म्हणाला, "मी म्हनत हुतो का न्हाय?" मग त्यानं पाणी मागितलं आणि घटाघटा प्याला. लेखी द्या म्हणाले, ते मी दिलं नाही. लेखी न देण्याइतकी अक्कल शाबूत होती याचा मला उलट अभिमानच वाटला. पत्राची झेरॉक्स फाईलला लावली आणि त्या दिवशी घरी जाताना मी चांगल्या मूडमध्ये होते.

महिनाभरानं दुपारी एक बाई आली, एकटी. गारगोटीहून एसटीनं आली होती, तिकडचं तिचं माहेर. तीच ती सून. सासऱ्यानं घरी जाऊन सांगितलं की अक्षरवाल्या मॅडमनी बाई वळकली, वय सुदीक सांगितलं. त्याच दिवशी नवऱ्यानं तिला पिशवीसकट स्टँडवर आणून सोडलं. चार वर्षांची मुलगी मात्र ठेवून घेतली.

"पोरगी फोनवर इचारती, आई तू कवा येनार," ती म्हणाली. "मग सासू फोन काडून घेती. मी रडाय आलो न्हाय तुमच्याकडं. माझ्याकडनं काय लिवून घ्यायचं ते घ्या आनी ते अक्षर माझं हाय का सांगा."

तिच्या बोलण्यात आर्जव नव्हतं, आणि ते मला बरं वाटलं नाही. माणसं अशी ताठ आली की आपली चूक जास्त दिसते. मी तिला बसवलं. मजकूर सांगितला, तिनं लिहिला, कागद काढून घेतला, दुसरा दिला, पुन्हा तोच मजकूर सांगितला, पुन्हा काढून घेतला. अक्षर बदलून लिहिणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या कागदाला दमतो आणि मूळ हातावर येतो. हिचा हात पहिल्या कागदापासून एकच होता. उजवीकडे कललेला, घाईचा, टिंब असं दाबलेलं की कागदाच्या पाठीला फोड यावा. मला पाच मिनिटांत कळलं की पत्र तिचं नाही.

शेजारी ठेवायला पत्राची झेरॉक्स हवी म्हणून मी फाईल काढली. झेरॉक्स उचलली तर खाली तिच्या नवऱ्यानं भरलेला अर्ज. काय विचारायचे आहे, या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, "लग्न मोडण्यासंबंधी आलेले पत्र बाईने लिहिले का पुरुषाने ते सांगावे." 'संबंधी'वर दोन पोकळ वर्तुळं. 'सांगावे'वर एक. मी भिंग घेतलं. वेलांटीची शेपूट शेजारच्या अक्षरात घुसलेली, पत्रातही तशीच. 'पत्र'मधल्या 'त्र'ची तिरकी रेघ सगळे वरून खाली ओढतात, यानं खालून वर मारली होती, आणि पत्रातही खालून वर. माझ्या टेबलावर, माझ्या पेनानं, माझ्या डोळ्यांदेखत लिहिलेलं. त्याच्या मिशा बघून मी ते वाचलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. तिनं दोन्ही कागद जवळ घेऊन बघितले. लग्नाला सात वर्षं झाली, पण नवऱ्याचं अक्षर तिनं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आता घरात कोण कशाला हातानं लिहितंय, सगळं फोनवर बोलून पाठवतात.

"नवरामुलगा ह्यांच्याच कारखान्यात सुपरवायझर," ती कागद खाली ठेवून म्हणाली. "एकदा ह्यांनी माल खराब केला म्हनून त्यानं ह्यास्नी समद्यांदेखत गेटाबाहीर काडलंता. त्यो जावई झाला असता तर मेव्हना म्हनून ह्यांनी त्याचं पाय धुवायचं. जेवनं सोडलंतं चार दिस. आमी समजलो, भन जानार म्हनून वाईट वाटतंय."

मी म्हटलं, मी आत्ता अहवाल करते, पत्र तुमच्या नवऱ्यानं लिहिलंय.

तिनं माझ्याकडे बघितलं. "त्या दिशी ह्याच कागदावरनं तुमी बाई म्हनलासा. आज गडी म्हनताय. उद्या सासऱ्यानं इचारलं की ह्यातलं खरं कंचं, तर मी काय सांगू?"

ती पुढं म्हणाली, "आनी ह्यांचं नाव घिऊन मी कुठल्या घरात जाऊ? घर ह्यांचं. पोरगी त्या घरात हाय. मला फकस्त एवढं लिवून द्या, ह्ये अक्षर हिचं न्हाय."

"आणि मग ते कोणाचं म्हणतील?"

त्या घरात लिहिता येणारी आणखी एकच बाई होती, तिची नणंद, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी टाईप करायला बसले.

कारणं दिल्याशिवाय मी मत देत नाही, हा माझा जुना हट्ट. अहवालात मी सविस्तर लिहिलं की वादातल्या पत्रात अनुस्वार सर्वत्र पोकळ वर्तुळासारखे आहेत आणि या बाईंच्या एकाही नमुन्यात तसे नाहीत. इतकं सोपं लिहिलं की कोणी गावकऱ्याला वाचून दाखवलं तरी समजावं. अर्जाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. सही केली, शिक्का मारला. ती कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवून निघून गेली.

आठवड्यानं तिचा फोन आला. घरात घेतलं, पोरगी गळ्यात पडली ती सोडंना, एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मला फार आनंद झाला. त्या दिवशी मी तांबडा रस्सा मागवून घेतला आणि पोटभर जेवले. एक चूक केली होती आणि ती निस्तरली, असा माझा हिशेब होता.

दिवाळीनंतर तिचा नवरा आला. एकटाच, इस्त्रीचा शर्ट, हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

"भनीचं लगीन काडलंय," तो म्हणाला. "जयसिंगपूरकडचा पावना हाय. बिजवर हाय, दोन पोरं हायत, पर मानूस बरा."

"एवढ्यात?"

"मग काय करतो? तुमचा कागूद आला, त्यात समदं लिवलंतं की, टिंबं पोकळ असत्यात म्हनून. आबांनी घरातल्या बायकांच्या समद्या वह्या काडायला लावल्या. भनीच्या बारावीच्या वह्या निघाल्या. पानोपान पोकळ टिंबं. सोताचं लगीन सोतानंच मोडलं, म्हंजे भाईर कोनतरी असनार. दोन दिस कोंडून घातली. न्हाय म्हनली, शेवटपातुर न्हाय म्हनली. पर टिंबं खोटं बोलत्यात व्हय?"

तो हे सांगताना खाली बघत नव्हता. मी पत्रिकेचं पाकीट हातात घेतलं. वर माझं नाव त्यानं स्वतः लिहिलेलं. आडनावावरचं टिंब पोकळ.

"अक्षर छान आहे तुमचं," मी म्हटलं.

तो हसला, पण आवाज न करता. "आमच्या गुरुजींनी छडी मारून घटवलंय. टिंब भरलं की छडी. समद्या गावाचं असलंच हाय, भनीचं बी त्येच. पर तुमी बाई म्हनलासा न्हवं? मग गड्यांच्या वह्या कोन बघतंय." उठताना त्यानं खुर्ची नीट आत सरकवली. "आबास्नी ह्यातलं काय कळत न्हाय. तुमास्नी कळतंय, पर तुमी सांगून बसलाय. लग्नाला या, आबांनी मुद्दाम बोलावलंय."

तो गेल्यावर मी बापाला फोन करू शकले असते. नंबर त्या अर्जावरच होता. केला नाही. मी स्वतःला सांगितलं की सून नुकती घरात नांदायला लागलीय, पुन्हा तिचं वाटोळं नको. ते खोटं नव्हतं. पण फोन केला असता तर पहिलं वाक्य असं बोलावं लागलं असतं की बाई की गडी हे मला कळलं नव्हतं, मी अंदाजपंचे ठोकून दिलं होतं. ते गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून कोर्टाच्या व्हरांड्यात पोचायला चार दिवस लागले नसते, आणि तो वकील अजून तिथंच असतो. यातलं मोठं कारण कोणतं, हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

लग्नाला मी गेले. का गेले, हे मला नीट सांगता येणार नाही. कार्यालय हायवेला लागून होतं आणि पंगती जोरात चालल्या होत्या. सून नऊवारीत वाढायला फिरत होती, तिची मुलगी तिच्या पदराला धरून मागं मागं. माझ्या ताटाशी आल्यावर तिनं न विचारता दोन जिलब्या वाढल्या. "घ्या की मॅडम," म्हणाली आणि पुढच्या पानाकडे सरकली. ती सुखात दिसत होती. मला तिचा राग आला, आणि तो राग काढायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

बापानं मला हाताला धरून स्टेजवर नेलं. नवरदेवाच्या कानशिलावरचा कलप घामानं उतरायला लागला होता. त्याचा धाकटा मुलगा त्याच्या मांडीवर झोपलेला. "ह्याच त्या अक्षरवाल्या मॅडम," बाप नवरीला म्हणाला. "पाया पड. ह्यांच्यामुळं घर सावरलं."

ती वाकली. मला तिच्या मुंडावळ्या दिसल्या, मेंदी दिसली आणि मनगटावर बांगड्यांच्या वर एक पिवळा पडलेला जुना वळ दिसला. उभी राहिली तेव्हा बाप फोटोग्राफरला हाका मारत होता. ती माझ्याजवळ येऊन, पाहुण्यांशी बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी माझं अक्षर कधी बघितलासा?"

"नाही," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं बघितलं असंल."

फोटोग्राफरनं समोर बघायला सांगितलं, आणि आम्ही दोघींनी समोर बघितलं.